दोन कुशी, एक वाघ

वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीवर नसतात. जनावर एकच, पण दोन अंगांवर दोन वेगळ्या नक्ष्या. डावी बाजू कितीही निरखून पाहिली तरी उजवीकडे काय असेल हे सांगता येत नाही. त्यामुळे जंगलात एक फोटो डाव्या कुशीचा मिळाला आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाटेवर एक उजव्या कुशीचा मिळाला, तर वाघ एक की दोन, या प्रश्नाला उत्तर नाही. उत्तर हवं असेल तर दोन्ही कुशी एकाच वेळी टिपाव्या लागतात. त्यासाठी वाटेच्या दोन्ही अंगांना एकेक कॅमेरा बांधतात.

यंदाच्या अंकाचा विषय 'जोडी' आहे असं संपादकांनी कळवलं, तेव्हा मला झाडांना बांधलेल्या या कॅमेऱ्यांची आठवण झाली. वाघ किती झाले याचा आकडा दर चार वर्षांनी पेपरात पहिल्या पानावर येतो. त्या आकड्याच्या आधी, एकही वाघ समोरून गेलेला नसताना, दोन कॅमेरे एकमेकांच्या जोडीला लायक आहेत का हे पारखायचं काम चालतं. त्याबद्दल सहसा कुणी लिहीत नाही. ते पाहायला मी भंडारा जिल्ह्यात गेलो.

या जिल्ह्याचा नकाशा वाघाच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. उत्तरेला आणि पूर्वेला कोका आणि नागझिरा, दक्षिणेला पवनीकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य, आणि मधे धानाची शेतं, मामा (माजी मालगुजारी) तलाव, गावं, वैनगंगा आणि राष्ट्रीय महामार्ग. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प डिसेंबर २०१३ मध्ये घोषित झाला. नवेगाव राष्ट्रीय उद्यान आणि नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा, कोका ही चार अभयारण्यं मिळून तो बनला. गोंदिया आणि भंडारा अशा दोन जिल्ह्यांत तो पसरला आहे. साकोली तालुक्यातलं पिटेझरीचं फाटक पर्यटकांच्या ओळखीचं. व्यंकटेश माडगूळकरांच्या पुस्तकामुळे नागझिरा हे नाव मराठी घरांत फार आधीच पोचलं होतं. कोका मात्र भंडारा शहराच्या एवढं जवळ असूनही कमी बोललं जातं. मी थांबलो ते त्याच बाजूला.

चौकीतलं टेबल

वनचौकीतल्या लांब टेबलावर कॅमेरे ओळीने मांडले होते. हातात मावेल एवढा जाड डबा, अंगावर सालीच्या रंगाचे ठिपके, मधे भिंग, खाली सेन्सरची दुधी पट्टी, वर फ्लॅश. काही कोरे करकरीत, काहींच्या कडा ओरबाडलेल्या. अस्वलाला या डब्याचं भारी कुतूहल असतं. नवा वास आला की ते नखं लावून पाहतं. दोन कॅमेऱ्यांच्या आत मुंग्यांनी घर केलं होतं आणि एक वनमजूर जुन्या टूथब्रशने ते साफ करत बसला होता.

जोडी लावताना पहिली अट अशी की दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे हवेत. सेन्सरला जनावराची चाहूल लागल्यापासून फोटो निघेपर्यंत जो वेळ जातो, तो प्रत्येक मॉडेलचा निराळा. चांगल्या कॅमेऱ्यात तो पाव सेकंदाच्या आसपास असतो, काहींत एका सेकंदाच्याही पुढे जातो. वाघ आपल्या नादात चालला असला तरी सेकंदाला मीटरभर पुढे सरकतो. म्हणजे वेगवान कॅमेऱ्यात अख्खी कूस येते आणि मंद कॅमेऱ्यात मागचा पाय आणि शेपूट. अशी जोडी असून नसल्यासारखी.

पण मॉडेल एक असलं म्हणून भागत नाही, आणि मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते इथल्या पुढच्या कामाने. चार-पाच हंगाम पावसाळी दमटपणा आणि उन्हाळी तापमान सोसलेला कॅमेरा नव्यासारखा वागत नाही. म्हणून एका फळीवर दोन कॅमेरे शेजारी शेजारी, एकाच दिशेला तोंड करून ठेवले होते. एक वनरक्षक त्यांच्यासमोरून आडवा चालत गेला, फिरला, परत आला. मग दोन्ही कार्डं लॅपटॉपला लावून फोटो शेजारी ठेवले. एका फोटोत तो चौकटीच्या मधोमध होता. दुसऱ्यात त्याचा खांदा चौकटीबाहेर निघून गेला होता. दोघांचं मॉडेल तेच, सेटिंग तेच. "हा सुस्त आहे," म्हणत त्याने दुसरा कॅमेरा बाजूला सरकवला आणि तिसरा आणून ठेवला. पुन्हा चाल, पुन्हा फोटो. या वेळी दोन्ही चौकटींत माणूस जवळपास एकाच जागी. लगेच दोघांवर पांढऱ्या रंगाने एकच आकडा पडला, पुढे एकाला 'अ', दुसऱ्याला 'ब'. हंगाम संपेपर्यंत आता त्यांची फारकत नाही. बाजूला सारलेला सुस्त कॅमेराही फेकत नाहीत. तेवढाच सुस्त दुसरा सापडला तर त्या दोघांची जोडी पाणवठ्यावर लावता येते. तिथे जनावर थांबतं, त्यामुळे थोडा उशीर चालतो.

मग घड्याळं. दोन्ही कॅमेऱ्यांची वेळ एकाच मोबाइलकडे पाहून एकाच वेळी लावतात. हे पोरखेळासारखं वाटेल, पण पुढचा सगळा हिशोब यावर उभा आहे. 'अ' मधला डाव्या कुशीचा फोटो आणि 'ब' मधला उजव्या कुशीचा फोटो एकाच वाघाचे आहेत, हे कॅमेरा सांगत नाही. फोटोच्या कडेला उमटलेली वेळ सांगते. एका घड्याळात सकाळ आणि दुसऱ्यात संध्याकाळ लागली, किंवा एकात दिवस आधी आणि दुसऱ्यात महिना आधी लिहिला गेला, तर पुढे कार्यालयात बसलेल्या माणसासमोर दोन अनोळखी फोटो येतात. हंगामाच्या शेवटी कॅमेरे उतरवतानाही दोन्ही घड्याळं पुन्हा ताडून पाहतात, कारण काही घड्याळं महिनाभरात मिनिटांनी सरकतात.

सेलचंही तसंच. जोडीतल्या दोघांना एकाच खोक्यातले नवे सेल. एकाचे सेल अर्धे झालेले असले की त्याचा फ्लॅश पुन्हा भरायला वेळ घेतो. वाघीण पुढे निघून जाते, मागून येणारे बछडे एका बाजूने टिपले जातात, दुसऱ्या बाजूने नाही.

अंधार पडल्यावर चौकीच्या मागच्या मोकळ्या जागेत फ्लॅशची पारख झाली. पट्ट्यापट्ट्यांची एक चादर दोघांनी दोन टोकांना धरली आणि ते समोरून चालत गेले. पट्ट्याची कड फोटोत धारदार आली तर कॅमेरा पास. इन्फ्रारेड प्रकाशाचे कॅमेरे मिळतात, ते जनावराला बिचकवत नाहीत, पण चालत्या वाघाचे पट्टे त्यात फिस्कटतात. ओळख पट्ट्यांवरच पटवायची असल्याने पांढऱ्या फ्लॅशचे कॅमेरे पसंत केले जातात.

एका क्षणाची अट

दोन कॅमेऱ्यांची जोडी जुळवणं हे छायाचित्रणातलं जुनं कौशल्य आहे. १८३८ साली चार्ल्स व्हीटस्टनने दाखवून दिलं की दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दिसली की मेंदू त्यातून खोली उभी करतो. पुढे त्या तत्त्वावर साडेसहा सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या डोळ्यांमध्ये असतं तेवढं अंतर ठेवून, शेजारी शेजारी दोन भिंगांनी फोटो काढायची पद्धत रूढ झाली. आजही हौशी लोक त्यासाठी दोन कॅमेरे निवडतात तेव्हा हीच चाचणी घेतात: दोन्ही एकाच क्षणी उघडतात का? एक जरासा मागे राहिला की वाऱ्याने हललेलं पान दोन चित्रांत दोन जागी येतं आणि त्रिमितीचा भास मोडतो. जंगलात कॅमेरे शेजारी नाहीत, समोरासमोर आहेत. खोली दाखवायची नाही, अंगाचा पूर्ण घेर मिळवायचा आहे. अट मात्र तीच.

आणि त्रिमिती इथेही शेवटी येतेच. पट्टे जुळवण्यासाठी वापरलं जाणारं 'एक्स्ट्रॅक्टकंपेअर' हे सॉफ्टवेअर लेक्स हिबी आणि सहकाऱ्यांनी तयार केलं. २००९ मध्ये त्यावरचा त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. वाघ कॅमेऱ्यासमोरून कधी सरळ जातो, कधी तिरका, कधी अंग वळवून. त्यामुळे पट्टे ताणलेले किंवा दबलेले दिसतात. हे सॉफ्टवेअर संगणकातल्या वाघाच्या त्रिमितीय आकृतीवर फोटो बसवतं, तिरकेपणा काढून टाकतं आणि पट्ट्यांची सपाट नक्षी करून आधीच्या नक्ष्यांशी ताडतं. जुळणाऱ्या नक्ष्या समोर आल्या की अखेरचा निर्णय माणूस डोळ्यांनी पाहून करतो.

रांगून घेतलेली परीक्षा

जंगल कागदावर दोन चौरस किलोमीटरच्या चौकोनांत वाटलेलं असतं आणि प्रत्येक चौकोनात एक जोडी लावायची असते. चौकोनाच्या मधोमध ती लावून काही साधत नाही. वाघ जातो तिथे ती हवी. वाघाला काटेरी झुडपातून अंग घासत जायला आवडत नाही. तो मातीचा रस्ता, जाळरेषा, कोरडा नाला धरतो. म्हणून आधी बीटचा वनरक्षक पायी हिंडून विष्ठा, ओरखडे, पंजे यांची नोंद करतो. ती नोंद म्हणजे त्या माणसाचं वर्षावर्षाचं ज्ञान. आम्ही गेलो त्या नाल्याजवळ त्याने रस्त्याला सोडून एका अरुंद वळणाकडे बोट दाखवलं. एका बाजूला ऐनाचं झाड, दुसऱ्या बाजूला बीजा, मधली वाट जेमतेम बैलगाडीएवढी. अशा जागी जनावराला बाजूने निसटायला वाव नाही.

कॅमेरा जमिनीपासून साधारण दीड फुटावर, माणसाच्या गुडघ्याजवळ बांधतात. वाघाची कूस त्या उंचीवर येते. तोंड वाटेशी काटकोनात. दोन्ही कॅमेरे मात्र अगदी नाकासमोर नाक असे ठेवत नाहीत, किंचित आगेमागे ठेवतात. नाहीतर 'अ' चा फ्लॅश थेट 'ब' च्या भिंगात घुसतो आणि फोटोभर पांढरा धूर दिसतो. मग कोयत्याने समोरचं गवत आणि लोंबती फांदी साफ. सेन्सर उष्णतेतला फरक आणि हालचाल दोन्ही पाहतो. उन्हाने तापलेलं पान वाऱ्यावर हललं तरी तो फसतो, आणि शेकडो रिकामे फोटो काढून सेल संपवतो.

याच सेन्सरची उलटी अडचण विदर्भातल्या उन्हाळ्यात येते. जनावराचं अंग आजूबाजूच्या जमिनीपेक्षा गरम असतं म्हणून ते त्याला कळतं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला, मुरूम आणि दगड जनावराच्या अंगाइतके किंवा त्याहून जास्त तापले, की भर दुपारी समोरून गेलेलं जनावर त्याला वेगळं उमगतच नाही. जोडीतला एक कॅमेरा सावलीकडे पाहत असेल आणि दुसरा तापलेल्या उघड्या जमिनीकडे, तर पारखून लावलेली जोडीही एका बाजूने आंधळी होते. म्हणून जागा निवडताना दोन्ही कॅमेऱ्यांच्या पाठीमागे काय आहे हेही पाहतात, आणि उगवती-मावळतीकडे तोंड करत नाहीत.

सगळं बांधून झाल्यावर तो वनरक्षक गणवेशातच हातापायांवर आला आणि दोन कॅमेऱ्यांच्या मधून रांगत गेला. उभ्या माणसाला पकडणारा सेन्सर बुटक्या जनावराला सोडून देऊ शकतो, म्हणून परीक्षा वाघाच्या उंचीवर जाऊनच घ्यायची. एकदा सावकाश, एकदा भरभर, एकदा वाटेच्या अगदी कडेने. दोन्हीकडचे दिवे लागले तरच जोडी लागली असं मानायचं. शेवटी पाटीवर जागेचा क्रमांक, तारीख आणि वेळ लिहून ती दोन्ही कॅमेऱ्यांसमोर धरली. कार्डावरचा पहिला फोटो हा पाटीचा. पुढे किमान २५ ते ३० दिवस ही जोडी तिथे राहणार, आणि तो पायी येऊन मधूनमधून सेल, कार्ड बघणार. मला विचाराल तर भारतातल्या व्याघ्रगणनेचा पाया म्हणजे हे रांगणं आहे.

प्लास्टरचे पंजे ते पट्टे

वाघाची ओळख पट्ट्यांवरून पटते हे एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याला शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. वाटेवर तार ताणून, वाघाच्याच पावलाने फ्लॅश उडवून, त्याने संयुक्त प्रांतातल्या जंगलात रात्रीचे फोटो काढले; १९२७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. तरी मोजणीसाठी आपल्याकडे कित्येक दशकं पंजाचे ठसेच वापरले गेले. काचेवर ठसा गिरवायचा, प्लास्टर ओतायचं, आणि अनुभवी माणसाने हा अमुक नर, ही तमुक मादी असं सांगायचं. माती ओली की कोरडी, यावर एकाच पंजाचे ठसे बदलतात. २००५ च्या सुमारास राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही उरला नव्हता, हे उघड झालं. त्यानंतर २००६ पासून देशभर नवी पद्धत आली.

तिचा शास्त्रीय आधार के. उल्हास कारंथ यांनी नागरहोळेत कॅमेरे लावून घातला होता. १९९५ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तत्त्व मुळात माशांसाठी शोधलं गेलेलं. भंडाऱ्यातल्या ढिवराला ते चटकन समजेल. मामा तलावात जाळं टाकून शंभर मासे पकडले, खूण करून सोडले, आणि काही दिवसांनी पुन्हा पकडलेल्या शंभरात वीस खुणेचे निघाले, तर तलावात पाचशेच्या आसपास मासे असणार. वाघाला खूण करावी लागत नाही, ती तो जन्मतःच घेऊन येतो. पण खूण दोन बाजूंना वेगवेगळी असल्याने एकाच बाजूचं जाळं टाकलं तर पुन्हा पकडलेला वाघ नवाच समजला जाण्याची भीती. आकडा फुगतो तो इथे. त्यामुळे ज्या ठिकाणी अर्ध्या फोटोंना जोडीदार नसतो, तिथे विश्लेषण करणारे एकच बाजू धरून मोजतात आणि दुसऱ्या बाजूचे सुटे फोटो बाजूला ठेवतात. जंगलात कष्टाने मिळवलेली माहिती अशी वाया जाते.

२०२२ च्या गणनेत देशभर ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे लागले. चार कोटी सत्तर लाखांवर फोटो निघाले, त्यांतले ९७,३९९ वाघांचे. म्हणजे साधारण ४८० फोटोंमागे एक. त्यांतून ३,०८० वेगवेगळे वाघ ओळखता आले, आणि गणिताने देशाचा सरासरी अंदाज ३,६८२ वर गेला. महाराष्ट्राच्या वाट्याला ४४४ आले, २०१८ मध्ये ते ३१२ होते.

जय, आणि सीटी-१

दोन कुशींचा फोटो कशासाठी, याचं उत्तर भंडाऱ्यात गणनेच्या पलीकडे जातं. नागझिऱ्यात जन्मलेला जय नावाचा वाघ २०१३ मध्ये तिथून दिसेनासा झाला आणि उमरेड-कऱ्हांडल्यात उगवला. मधे गावं, शेतं, महामार्ग, नदी. पट्टे जुळले म्हणून कळलं की हा तोच. पुढे त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर आली आणि एप्रिल २०१६ मध्ये तिचा संदेश बंद पडला. कॉलर गप्प झाल्यावर त्याला ओळखायचा एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे कॅमेऱ्यासमोर त्याची कूस येणं. ती कधीच आली नाही.

दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. सीटी-१ नावाने ओळखला गेलेला वाघ वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरीच्या जंगलात माणसं मारत हिंडला. १३ बळी गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याला वडसा परिसरात पकडलं. माणूस मेलेल्या गावात लोकांचा संताप असतो, तातडी असते, आणि त्याच जंगलात दुसरेही वाघ असतात. अशा वेळी बंदूक नेमक्या कोणत्या वाघावर रोखायची हे पट्टेच सांगतात. घटनास्थळी मिळाला डाव्या कुशीचा फोटो आणि जुन्या नोंदीत आहे फक्त उजवी कूस, तर पथकाने करायचं काय? चुकीचा वाघ पिंजऱ्यात गेला तर खरा मोकळाच राहतो आणि गावाला मात्र वाटतं की धोका टळला. दोन्ही कुशींची नोंद आधीपासून असणं हा इथे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या. वाघ वाढतील, हिंडतील, धानाच्या बांधावरून जातील. ओळखीची गरज वाढतच जाणार.

वाटेवरची माणसं

या कॅमेऱ्यांसमोरून वाघापेक्षा किती तरी जास्त वेळा माणसं जातात. मोहफुलं वेचायला पहाटे निघालेल्या बाया, तेंदूपत्त्याच्या हंगामात अख्खी कुटुंबं, हरवलेलं जनावर शोधणारा गुराखी. त्यांचेही फोटो निघतात. ते फोटो कुणी पाहायचे आणि केव्हा पुसायचे, याचा नियम काटेकोर हवा आणि तो गावाला सांगितलेला हवा. उत्तराखंडातल्या कॉर्बेटमध्ये बायकांना या कॅमेऱ्यांचा कसा जाच झाला, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून पुढे आलं आहे. ज्या गावाला डब्याचा विश्वास वाटतो तिथे डबे चोरीला कमी जातात आणि फुटतही कमी, असं मला चौकीत सांगण्यात आलं. ते पटण्यासारखं आहे. कॅमेरा बांधायला निघताना पाटलाकडे, ग्रामसभेत, वनव्यवस्थापन समितीत जाऊन कोणत्या वाटेवर किती दिवस लागणार हे सांगणं हा त्या चाचणीचाच भाग मानायला हवा.

वन विभागाकडे माझं मागणं एवढंच. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक परिक्षेत्राला जोड्या पारखायला पुरेसे दिवस द्यावेत. आज हे काम वणवा, गस्त आणि पंचनाम्यांच्या मधल्या फटीत उरकावं लागतं. आणि वाघांचा आकडा जाहीर करताना किती वाघांच्या दोन्ही कुशी मिळाल्या, किती एकाच बाजूने ओळखले, हेही जिल्हावार सांगावं. वाचकांना सांगणं असं की कोका, नागझिरा किंवा कऱ्हांडल्यात झाडाला गुडघ्याच्या उंचीवर डबा बांधलेला दिसला तर त्याला हात लावू नका, तोंड फिरवू नका, सेल काढू नका. समोरच्या झाडावर त्याचा जोडीदार आहे, आणि एकाची दिशा बिघडली की दुसऱ्याचंही काम फुकट जातं.